बीट पेरण्याआधी हिशेब मांडा

जरीपटक्याच्या किराणा दुकानात मिळणारी साखर उसाची. पण जगातील सुमारे पाचवा हिस्सा साखर बीटपासून, म्हणजे शर्कराकंदापासून होते. श्रीगंगानगरला १९७० च्या दशकात बीटची साखर निघाली. आपल्या राज्यात २००० नंतर उष्ण हवामानाचे वाण आले आणि इंदापूर तालुक्यात कळस येथे बीटपासून इथेनॉलचा प्रकल्प उभा राहिला. तरी हे पीक गावोगाव पसरले नाही.

पाच-सहा महिन्यांत येणारे, उसापेक्षा कमी पाणी पिणारे पीक कोणालाही आवडेल. मग घोडं पेंड कुठं खातं? खर्चात!

समजा, कंद खणण्याचे यंत्र गावात आणायला ६,००० रुपये लागले. एकट्याने एक एकर लावला, तर सगळा भार त्याच एकरावर. लगतच्या वीस जणांनी एकेक एकर लावला, तर एकरी ३०० रुपयेच पडतात. बियाणे, पेरणीयंत्र, ट्रॉली यांचेही तसेच. रान एकाच पट्ट्यात हवे, विखुरलेले नको.

कारखान्याचेही गणित हेच. ऊस रोलरमध्ये पिळतात. बीटचे काप करून गरम पाण्यात साखर उतरवावी लागते. म्हणजे यंत्रे वेगळी. उसाच्या चिपाडावर बॉयलर चालतो. बीटचा चोथा जनावरांना चालतो, पण इंधन विकत घ्यावे लागते. माल कमी आला तरी पगार अन् कर्जाचा हप्ता थांबत नाही.

क्षेत्र वाढवले म्हणजे सगळेच स्वस्त होते, असेही नाही. कंदाच्या वजनात तीन-चतुर्थांश पाणी असते. कारखाना लांब असला, की आपण भाड्याने पाणीच वाहतो. आपल्या काळ्या चिकण रानात कंदाला माती चिकटते. तिचे वजन काट्यावर कापले जाते. पाणी साचले, तर कंदच सडतो.

शेतकरी भाऊंनो, उसाला एफआरपीचा आधार आहे. बीटला असा सरकारी दर नाही. म्हणून बियाण्याची पिशवी फोडण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: दर काय, उचल कोणत्या तारखेपर्यंत, वाहतूक कोणाच्या खिशातून. कृषी सहायक आणि सरपंचांनी ग्रामसभेत एकूण किती एकर, किती अंतरात, याची यादी आधी करावी. लगतचे क्षेत्र जमत नसेल, तर बीटच्या नादी न लागलेलेच बरे.