रिंग अ रिंग ओ' रोझेस

रिंग अ रिंग ओ' रोझेस हे एक पारंपरिक इंग्रजी बालगीत आणि फेर धरून खेळला जाणारा खेळ आहे. भारतात ते 'रिंगा रिंगा रोझेस' या नावाने ओळखले जाते. राउड लोकगीत सूचीत त्याचा क्रमांक ७९२५ आहे. या गीतात प्लेगच्या साथीचे वर्णन असल्याची समजूत सर्वत्र रूढ असली, तरी लोकसाहित्याचे अभ्यासक ती ग्राह्य मानत नाहीत.

खेळाचे स्वरूप

मुले एकमेकांचे हात धरून गोलाकार फिरतात आणि शेवटच्या ओळीला एकदम खाली बसतात किंवा पडतात. जुन्या अमेरिकी प्रकारात सर्वांत शेवटी बसणाऱ्या मुलाला दंड होई किंवा त्याला वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहावे लागे.

इतिहास

इंग्लंडमध्ये हे गीत केट ग्रीनअवे यांच्या १८८१ मधील 'मदर गूज' या सचित्र पुस्तकात छापले गेले. विल्यम वेल्स न्यूवेल यांनी १८८३ मध्ये अमेरिकी मुलांच्या खेळगीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यात हे गीत मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथे १७९० च्या सुमारास प्रचलित होते, असे म्हटले आहे. जर्मनी, इटली इत्यादी देशांतही अशी फेराची गीते आढळतात.

प्लेगशी जोडलेला अर्थ

या समजुतीनुसार गीतातील गुलाबांचे कडे म्हणजे रोग्याच्या अंगावरील लाल चट्टे, खिशातील फुले म्हणजे दूषित हवेपासून बचावासाठी जवळ बाळगलेल्या सुगंधी वनस्पती, शिंक म्हणजे अखेरचे लक्षण आणि खाली पडणे म्हणजे मृत्यू होय. गीताचा संबंध बहुधा लंडनमधील १६६५ च्या महासाथीशी जोडला जातो. हा अर्थ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लोकप्रिय झाला. जेम्स लीझर यांनी लंडनच्या प्लेग व आगीवरील १९६१ मधील पुस्तकात तो मांडला.

आक्षेप

आयोना व पीटर ओपी या बालगीतांच्या अभ्यासक दांपत्याने, तसेच इतर संशोधकांनी या अर्थावर पुढील आक्षेप घेतले आहेत :

- १६६५ ची साथ आणि गीताचा पहिला छापील पुरावा यांत सुमारे दोनशे वर्षांचे अंतर आहे. साथीचा तपशीलवार वृत्तान्त लिहिणाऱ्या सॅम्युअल पीप्स यांच्या रोजनिशीतही गीताचा उल्लेख नाही.
- काख व जांघेतील गाठी हे ग्रंथिक प्लेगचे ठळक लक्षण गीतात नाही. शिंका हे त्याचे प्रमुख लक्षण नाही.
- शिंकेचा आवाज सर्व पाठांत आढळत नाही. ग्रीनअवे यांच्या पाठात त्याऐवजी गप्प राहण्याची सूचना आहे.
- अनेक पाठांत पडलेली मुले पुन्हा उठतात. खाली बसणे हे मुळात लवून अभिवादन करण्याचे रूप असावे, असे काही अभ्यासक मानतात.

अन्य मते

अमेरिकेतील काही प्रोटेस्टंट समाजांत नृत्यास मनाई होती. त्यातून पळवाट म्हणून वाद्यांविना फेराची गीते रूढ झाली आणि हे गीत त्यांपैकी असावे, असे लोकसाहित्याचे अभ्यासक फिलिप हिस्कॉक यांनी सुचवले आहे.

भारतात

महाराष्ट्रासह भारतातील बालवाड्यांमध्ये हे गीत गायले जाते. येथे शिंकेच्या आवाजाऐवजी बऱ्याचदा निरर्थक यमकयुक्त शब्द म्हटले जातात. मौखिक परंपरेत शब्द असे सहज बदलत असल्याने एखाद्या पाठातील एका शब्दावरून गीताचा मूळ अर्थ ठरवता येत नाही. प्लेगची कथा गीताच्या उगमाचा पुरावा ठरत नसली, तरी लोकसाहित्याविषयी निर्माण झालेले लोकसाहित्य म्हणून अभ्यासक तिची स्वतंत्र दखल घेतात.