स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल

रिव्हॉल्व्हर आणि अर्धस्वयंचलित पिस्तूल हे एका हातात धरून चालवता येणाऱ्या लहान बंदुकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाना घेणाऱ्या व्यक्तीला बहुधा या दोहोंतून एकाची निवड करावी लागते. ही निवड अनेकदा काडतुसांच्या संख्येवरून केली जाते. प्रत्यक्षात मात्र शस्त्र हाताळण्यातील सुलभता, उपलब्ध सराव आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था हे घटक अधिक निर्णायक ठरतात.

रचना व कार्यपद्धती

रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरते सिलिंडर असते. त्यात साधारणतः पाच किंवा सहा घरे असून प्रत्येक घरात एक काडतूस बसते. दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप ओढला की सिलिंडर फिरून पुढचे घर नळीसमोर येते, घोडा मागे जातो आणि सुटून काडतुसावर आदळतो. ही सर्व कामे बोटाच्या जोरावर होत असल्याने चाप जड असतो. तो ओढण्यास सुमारे ४ ते ५.५ किलोग्रॅम बल लागते. घोडा अंगठ्याने आधीच मागे ओढून ठेवल्यास चाप बराच हलका होतो.

अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीत बसणाऱ्या मॅगझीनमध्ये एकावर एक रचलेली असतात. गोळी सुटताना निर्माण होणाऱ्या प्रतिक्षेपाने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे कवच बाहेर फेकले जाते आणि पुढे येताना स्लाइड नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. चाप प्रत्येक वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून त्यास ‘अर्धस्वयंचलित’ म्हणतात. पहिली गोळी झाडण्यापूर्वी स्लाइड हाताने मागे ओढून चेंबर भरावे लागते.

इतिहास

सॅम्युएल कोल्ट यांना अमेरिकेत १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरविरहित दारूचा वापर सुरू झाल्यावर स्वयंभरण पिस्तुले व्यवहार्य ठरली. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेले ०.४५ बोअरचे एम१९११ पिस्तूल अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारले. ऑस्ट्रियन सैन्याने १९८०च्या दशकाच्या प्रारंभी घेतलेल्या ग्लॉक १७ पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये १७ काडतुसे मावतात.

अमेरिकी पोलीस दले मात्र दीर्घकाळ रिव्हॉल्व्हरच वापरत होती. ११ एप्रिल १९८६ रोजी फ्लोरिडा राज्यात मायामीजवळ एफबीआयचे आठ अधिकारी आणि दोन सशस्त्र दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. तीत दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. जखमी हाताने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणे किती कठीण असते हे तेव्हा दिसून आले आणि त्यानंतर पोलीस दलांचा कल पिस्तुलाकडे वेगाने वळला. तथापि त्या चकमकीत काही अधिकाऱ्यांकडे ९ मिमी पिस्तुलेही होती आणि सर्वाधिक हानी दरोडेखोराच्या रायफलीने केली होती. तसेच संशयितांचा पाठलाग करणे हे पोलिसांचे काम असते. प्रसंगातून सुटका करून घेणे हे सामान्य नागरिकाचे उद्दिष्ट असते. त्यामुळे पोलिसांचा निर्णय नागरिकाला जसाच्या तसा लागू होत नाही.

तुलना

काडतुसांची संख्या: या बाबतीत पिस्तूल सरस ठरते. रिकामे मॅगझीन काढून भरलेले बसवण्यास सरावलेल्या हाताला काही क्षण लागतात. रिव्हॉल्व्हरमध्ये कवचे काढून काडतुसे सुटी भरावी लागतात. सर्व घरे एकदम भरून देणारे साधन वापरल्यास हा वेळ कमी होतो.

बिघाड: रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही, तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात अशा वेळी स्लाइड ओढून निकामी काडतूस बाहेर काढावे लागते. सैल मुठीने धरल्यास किंवा मॅगझीन सदोष असल्यास कवच अडकण्याची शक्यता असते. ही अडचण सोडवण्याची कृती सोपी असली, तरी भीतीच्या क्षणी ती सरावाशिवाय आठवत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये बिघाड क्वचित होतो, परंतु सिलिंडर अडकल्यास ते जागच्या जागी दुरुस्त करणे जवळजवळ अशक्य असते.

नेम: रिव्हॉल्व्हरचा जड चाप ओढताना नळी हलते आणि नेम चुकतो. पिस्तुलाचा हलका चाप शिकणे तुलनेने सोपे असते. दुसरीकडे, वृद्ध किंवा संधिवात असलेल्या व्यक्तीस पिस्तुलाची कडक स्लाइड ओढणे जड जाते. लहान व हलकी शस्त्रे बाळगण्यास सोयीची असली, तरी त्यांचा धक्का हाताला अधिक जाणवतो.

शस्त्र रिकामे करणे: रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बाजूला काढले की सर्व घरे एका दृष्टिक्षेपात दिसतात. पिस्तुलातून मॅगझीन काढले, तरी चेंबरमध्ये एक काडतूस शिल्लक राहू शकते. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज अनेक प्राणघातक अपघातांचे कारण ठरला आहे. म्हणून आधी मॅगझीन काढणे, मग स्लाइड ओढणे आणि शेवटी चेंबर डोळ्यांनी पाहणे हा क्रम अनिवार्य मानला जातो.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. त्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हादंडाधिकारी परवाना देतात. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली.

९ मिमी हे निषिद्ध बोअर असल्याने सर्वसाधारण परवानाधारकाची निवड प्रामुख्याने ०.३२ बोअरपुरती राहते. त्यामुळे परदेशात चालणारी मोठ्या बोअरविषयीची चर्चा येथे फारशी उपयोगी पडत नाही. मात्र रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांची ०.३२ बोअरची काडतुसे भिन्न असून ती एकमेकांत वापरता येत नाहीत. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. महिलांसाठी म्हणून त्याची प्रसिद्धी झाली. त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. सरकारी आयुध निर्माणींनी ‘अशनी’ हे ०.३२ बोअरचे पिस्तूलही तयार केले आहे.

परवान्यावर काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते आणि सराव केवळ अधिकृत नेमबाजी केंद्रावरच करता येतो. परिणामी बहुसंख्य परवानाधारकांचा सराव तुटपुंजा राहतो. अशा व्यक्तीसाठी कमी टप्प्यांत चालणारे आणि भरलेले आहे की रिकामे हे सहज दाखवणारे रिव्हॉल्व्हर सोयीचे ठरते. नियमित सराव करणाऱ्यास पिस्तुलाचा लाभ अधिक मिळतो.

कायदा व सुरक्षितता

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क मांडलेला आहे. बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्यास हा हक्क लागू होत नाही, तसेच पोलिसांची मदत घेण्यास अवधी असल्यास तो मिळत नाही. त्यामुळे शस्त्राचा प्रकार कोणताही असला, तरी झाडलेल्या प्रत्येक गोळीचे समर्थन न्यायालयात करावे लागू शकते.

शस्त्र घरात असणे हाच एक धोका आहे. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, घरात बंदूक असणे आणि घरातच हत्या होण्याची वाढलेली शक्यता यांचा संबंध आढळला. लहान मुलांच्या हाती शस्त्र पडणे आणि नैराश्याच्या क्षणी आत्महत्येसाठी त्याचा वापर होणे हे धोके दोन्ही प्रकारांत सारखेच आहेत. रिव्हॉल्व्हरचा जड चाप मोठ्या मुलाला रोखू शकत नाही आणि पिस्तुलाची सेफ्टीही कुलपाची जागा घेऊ शकत नाही. म्हणून शस्त्र कुलूपबंद तिजोरीत ठेवणे, काडतुसे वेगळ्या जागी ठेवणे, प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे मानून हाताळणे आणि चापावर बोट विनाकारण न ठेवणे हे नियम दोन्ही प्रकारांना समान लागू होतात.