मुखदर्शनाची आस

आषाढ शुद्ध एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा लोटतो. तेथे देवाच्या दर्शनाचे दोन मार्ग आहेत, हे वारी करणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक आहेच. एक पदस्पर्शदर्शनाचा, दुसरा मुखदर्शनाचा. पहिल्यात अहोरात्र बारीत तिष्ठून समचरणांवर मस्तक ठेवावयाचे. दुसऱ्यात दुरून, पुढे सरता सरता, श्रीमुख डोळे भरून पाहावयाचे. ज्याच्या अंगी उभे राहण्याचे त्राण उरलेले नाही, ज्याला परतीची एस. टी. गाठावयाची आहे, तो मुखदर्शनावर समाधान मानतो. पदस्पर्श दुर्लभ आणि मुखदर्शन सुलभ, असाच समज मी जन्मभर बाळगून होतो. कोणाच्या वाट्याला हा क्रम उलटाही येऊ शकतो, हे मला २०१८ सालच्या आषाढीत एका वृद्धेने शिकविले.

त्या वर्षी दशमीच्या रात्री येथील एका धर्मशाळेत माझे कीर्तन होते. पूर्वरंगास विषय घेतला होता चर्मचक्षू आणि ज्ञानचक्षू यांचा. प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराजांचा दाखला दिला. तान्हेपणीच दृष्टी गेली असताना, अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात, त्यांनी केवढी ग्रंथसंपदा निर्माण केली, हे सांगून मी म्हटले की, या कातडी डोळ्यांची ती मातब्बरी काय! श्रोत्यांनी माना डोलाविल्या. टाळ्यांचा गजर झाला. बोलणारालाही अशा वेळी आपण फार मोठे काही बोललो असे वाटते, मलाही वाटले.

आरतीनंतर बुक्का लावून घेण्यास मंडळी पुढे आली. त्यांत सत्तरी ओलांडलेली एक आजी होती. परभणीकडची. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिंडीबरोबर पायी आलेली. तिने प्रथम हात पुढे करून माझे उपरणे चाचपले, मी समोर आहे याची खातरी करून घेतली आणि मग पायांवर डोके ठेवले. उठताना म्हणाली, “बुवा, लई गोड बोललात. पर गुलाबराव महाराज ते महाराज. मी भाकरी थापणारी बाई. तव्यावरली भाकर करपल्याचा वास आल्याबिगर कळंना मला. पाच साल झालेत, देवाचे पाय हाताला लागतेत, तोंड मात्र दिसंना.”

रागाने नव्हे, तक्रारीनेही नव्हे, सहज बोलली. पण माझ्या निरूपणाचा सगळा डोलारा त्या एका वाक्याने खाली आला. स्वतःच्या डोळ्यांना दिसत असताना दुसऱ्याच्या अंधत्वावर वेदान्त सांगणे फार सोपे असते.

त्याच धर्मशाळेच्या ओसरीवर आमच्या गावच्या लायन्स क्लबची मंडळी वारकऱ्यांचे डोळे तपासण्यास बसली होती. त्यांतील औषधविक्रेते गृहस्थ माझ्या परिचयाचे. त्यांनी आजीचा हात धरून तिला डॉक्टरांपुढे बसविले. विजेरीच्या प्रकाशात दोन्ही बाहुल्या मोत्यासारख्या पांढऱ्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, “आजी, हा मोतीबिंदू आहे. निघतो.” आजीने विचारले, “कापून का?” आणि ‘होय’ म्हणताच उठून उभी राहिली.

येथे या क्लबाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे; कारण आमच्यासारख्या क्षेत्राच्या गावी पुष्कळ जुन्या मंडळींस हे विलायती खूळ वाटते. नावाआधी ‘लायन’ लावून कोणी घेणे ऐकून माझे वडील मिस्कीलपणे विचारीत की, हे सिंह, तर मग हरिणे कोण? १९१७ साली अमेरिकेतील शिकागो नगरात मेल्विन जोन्स नावाच्या एका विमाव्यावसायिकाने व्यापारी मंडळींस हाक दिली की, आपापल्या धंद्याच्या उत्कर्षासाठी एकत्र येता, तसे गावाच्या भल्यासाठी का येऊ नये? त्यातून ही संस्था उभी राहिली. १९२५ साली तिच्या अधिवेशनात अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर बाईंनी, अंधारातल्या माणसांचे कैवारी व्हा, अशी सभासदांस विनवणी केली, आणि तेव्हापासून नेत्रसेवा हा या क्लबांचा जणू कुळाचार झाला. भारतात पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबईस निघाला. पुढे तालुक्या-तालुक्यांत शाखा झाल्या.

आमच्या गावच्या क्लबात कापडदुकानदार आहेत, वकील आहेत, शिक्षक, सराफ, विम्याचे एजंट आहेत. यांचे वर्ष १ जुलैस सुरू होते, म्हणजे बहुधा आषाढीच्या आगेमागेच नव्या अध्यक्षांचे पदग्रहण असते. हार, श्रीफळे, छायाचित्रे यांची तेव्हा चंगळ असते. एकंदरीतच अशा संस्थांस नावाची हौस थोडी अधिक. एस. टी. स्थानकावर वा दवाखान्यात एखादे बाकडे दिले तर त्यावर लाकूड कमी आणि देणाऱ्यांची नावे अधिक असावयाची. मी हे त्यांच्याच व्यासपीठावर बोललो आहे आणि त्यांनी ते हसून ऐकून घेतले आहे. पण वारीच्या दिवसांत हीच माणसे दुकानाची गादी सोडून वारकऱ्यांच्या तळपायांना तेल लावीत बसलेली मी पाहिली आहेत. पाणी, औषधे, रक्तदान, शाळेच्या वह्या, ही कामे आहेतच. त्यांविषयी विस्तार नको. जुने चष्मे गोळा करण्याची मात्र यांची एक रीत मला विशेष भावते. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते आणि कित्येकांची पोथी केवळ एका साध्या चष्म्यावाचून बासनात पडून राहते. आपल्या घरी कपाटात कितीतरी चष्मे निजून असतील; वाचकांनी एकदा पाहावे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्या देशास नवी नव्हे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, कफजन्य लिंगनाशावर शलाकेने करावयाचे कर्म वर्णिले आहे. काल फार उष्ण वा फार शीत नसावा, शलाकेचे अग्र यवाच्या आकाराचे असावे, नंतर तूप लावून डोळा बांधावा, आणि रुग्णाने उताणे निजून खोकणे, शिंकणे, ढेकर देणे, थुंकणे ही सर्व वर्ज्य करावी, असे आचार्य सांगतात. विद्यार्थिदशेत हा भाग प्रथम वाचला तेव्हा मला हसूच आले. कारण हीच पथ्ये मी लहानपणी स्वतःच्या कानांनी ऐकली होती.

१९७१-७२ च्या हिवाळ्यात माझ्या आजीची शस्त्रक्रिया शाळेतल्या शिबिरात झाली. वर्गातली बाके बाहेर काढून जमिनीवर गाद्या अंथरल्या होत्या. डोळ्यांवर हिरवी पट्टी, डोके हलू नये म्हणून दोहोबाजूंस वाळूच्या पिशव्या. स्वयंसेवक ओळींतून हिंडत म्हणे, “आजी, खोकू नका, बाबा, शिंक आली तर तोंड उघडा.” त्या काळी डोळ्यातला गढूळ झालेला भिंग काढीत, पण त्याच्या जागी काही बसवीत नसत, म्हणून पुढे जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. त्यातून सारे मोठे आणि जवळ आलेले दिसे. आजी उंबरठा ओलांडताना पाय हातभर उंच उचलीत असे आणि आम्ही पोरे तिची नक्कल करीत असू. आज त्याचे वाईट वाटते. पण त्याच चष्म्यातून तिने पुन्हा वाती वळल्या.

लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ सालीच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून दाखविले होते. युद्धात विमानाच्या काचेसारख्या आवरणाचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले तरी डोळा त्यांना तंटा करीत नाही, हे पाहून त्यांस ही कल्पना सुचली. परंतु ते भिंग आपल्या खेड्यातल्या म्हातारीच्या डोळ्यात येण्यास चाळीस वर्षांवर काळ जावा लागला. १९७६ साली मदुराईस डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अवघ्या ११ खाटांवर अरविंद नेत्रालय आरंभिले, आणि १९९२ पासून तेथल्याच कारखान्यात अल्प मोलाची भिंगे होऊ लागली. जाड चष्मे हळूहळू दिसेनासे झाले ते त्यानंतर.

शाळांतली शिबिरेही मागे पडली, आणि ते योग्यच झाले. उत्तर प्रदेशात खुर्जा येथे १९८६ साली लायन्स क्लबाच्याच शिबिरात ऐंशीवर रुग्णांचे शस्त्रक्रिया केलेले डोळे जंतुसंसर्गाने गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. १९८९ साली निकाल झाला. डोळे आणावयास गेलेली माणसे होते तेही गमावून परतली. सेवाभाव निर्मळ असून भागत नाही, हत्यारे आणि पाणीही निर्मळ लागते. सोवळ्याचा अर्थ ज्या घरांना कळतो, त्यांना हे अधिक सांगावे लागू नये. आता गावात केवळ तपासणी होते; शस्त्रक्रियेसाठी रुग्णांस गाडीने रुग्णालयात नेतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी परत आणतात.

मग क्लबाने केले काय, असे कोणी विचारील. शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, खर्च पुष्कळदा शासनाच्या योजनेतून वा रुग्णालयाच्या धर्मादायातून होतो. मीही हे विचारले होते. त्या औषधविक्रेत्यांनी मला त्यांची वही दाखविली. तपासणीत मोतीबिंदू निघालेल्यांची नावे एका बाजूस, गाडीत बसलेल्यांची दुसऱ्या बाजूस. दुसरी यादी कितीतरी आखूड! मधल्या रकान्यात कारणे लिहिली होती: सोबतीला माणूस नाही. सुगी आहे. सून बाळंत. अजून पिकला नाही. या वयात काय करायचे आहे. बायकांच्या नावांपुढे कारणे अधिक. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबण्याची आता गरज नाही, हे त्यांतल्या बहुतेकांस कोणी सांगितलेलेच नव्हते. क्लबाचे खरे काम या मधल्या रकान्यातले. घरी जाऊन समजूत घालावयाची, सोबतीचे माणूस आपणच व्हावयाचे, गाडीत शेजारी बसावयाचे, परत आल्यावर महिनाभर थेंब घालतात की नाही हे पाहण्यास चार फेऱ्या मारावयाच्या. याचे छायाचित्र निघत नाही. कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात, तसे हे.

आजीचे नावही त्या रकान्यातच जावयाचे; तिचे गाव तर इथून दूर. पण गृहस्थांनी तिच्या दिंडीच्या चालकांकडून ठावठिकाणा लिहून घेतला आणि तिच्या तालुक्याच्या क्लबास दूरध्वनी केला. तिकडच्या कोणी एका शिक्षकाने, म्हणे, तीन वेळा तिच्या घरी हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच्या आईस बरोबर नेले, जिचा डोळा आदल्या वर्षी झाला होता. तेव्हा आजी गाडीत चढली. मार्गशीर्षात उजवा डोळा झाला, माघात डावा. हे सारे मला मागाहून कळले.

इकडे मी माझे निरूपण बदलले होते. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप दाखवा म्हणतो, तेव्हा भगवंत त्याला, तुझ्या या डोळ्यांनी ते दिसणार नाही, एवढेच सांगून थांबत नाहीत. आधी दृष्टी देतात, मग रूप दाखवितात. इतकी वर्षे हा अध्याय सांगत आलो, पण देण्याची ही क्रिया माझ्या ध्यानी आली नव्हती. गुलाबराव महाराजांचा दाखला मी आजही देतो, कारण ती त्यांची थोरवी आहे. मात्र तो दुसऱ्याच्या डोळ्यांवर पांघरूण म्हणून घालीत नाही.

२०१९ सालची आषाढी १२ जुलैस होती. द्वादशीस सकाळी मी दारात उभा असता, पाठीवर गाठोडे घेतलेली एक बाई पायरीशी थांबली. मी ओळखले नाही. चालण्यातले ते चाचपडणेच नव्हते ना! बोलली तेव्हा ओळख पटली.

“बुवा, औंदा बारीत उभी नाही राहिले. मुखदर्शन घेतलं. दोनदा घेतलं.”

“दिसले का?” मी विचारले.

“दिसलं की! कानातले मासे सुदिक दिसले.” देवाच्या मकरकुंडलांविषयी ती बोलत होती. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेत म्हणाली, “अन् तुमी तर की बुवा पार म्हातारे निघालात. आवाजावरून मला वाटलं, पोरगंच हाय कोणी.”