ओटीपीचा पहारा आणि खातेदाराची कोंडी

ऑनलाइन खात्यात प्रवेश करताना पासवर्डाखेरीज आणखी एक पुरावा मागण्याच्या पद्धतीला द्विस्तरीय पडताळणी म्हणतात. ओळखीचे पुरावे तीन प्रकारचे असतात: पासवर्डासारखी ठाऊक असलेली गोष्ट, मोबाइलसारखी जवळ असलेली वस्तू आणि बोटाच्या ठशासारखी शरीराची खूण. यांपैकी भिन्न प्रकारचे दोन पुरावे मागितले की पासवर्ड चोरीला गेला तरी चोराचे काम अडते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना अशी जादा पडताळणी सक्तीची केली आणि पुढे एसएमएसने येणारा, एकदाच चालणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे ओटीपी, घरोघरी पोहोचला.

मात्र ओटीपीवरून सिद्ध होते ते एवढेच की संबंधित नंबरचे सिमकार्ड कोणाच्या तरी हाती आहे. तो माणूस खातेदारच आहे, हे त्यावरून ठरत नाही. बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे. रेंज नसलेल्या गावात किंवा रोमिंग बंद असताना परदेशात खरा खातेदारही परका ठरतो आणि फोन हरवल्यावर नवे सिम घेतले तरी सुरक्षेच्या नियमानुसार त्यावर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत.

महाराष्ट्रात 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीच्या, वेळी हा प्रश्न ठळकपणे समोर आला. लाभार्थी महिलेच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी आवश्यक होती आणि ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरच येत असल्याने, तो नंबर जुना किंवा बंद असलेल्यांचा अर्ज तेथेच अडकला. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या महिलांनी कोणाचा ओटीपी द्यायचा, याचे उत्तर मूळ रचनेत नव्हते. त्यांच्यासाठी शासनाला नंतर वेगळी तरतूद करावी लागली.

एवढा मनस्ताप सोसूनही एसएमएसची सुरक्षा तोकडीच आहे. बनावट कागदपत्रांवर दुसऱ्याच्या नंबरचे सिम मिळवता येते, तर कित्येकदा भामटे फोनवर भीती घालून ओटीपी खातेदाराच्याच तोंडून काढून घेतात. एसएमएसला पर्याय असलेले ऑथेंटिकेटर ॲप फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांच्या आधारे साधारणपणे दर 30 सेकंदांनी नवा क्रमांक तयार करते, त्यामुळे त्याला नेटवर्क लागत नाही. पण फोनचे घड्याळ चुकले की क्रमांक नाकारला जातो. पासकी या नव्या पद्धतीत गुप्त किल्ली मूळ संकेतस्थळाशीच बांधलेली असल्याने बनावट संकेतस्थळावर ती चालत नाही आणि फोनवर सांगण्याजोगा क्रमांकच उरत नाही. रिझर्व्ह बँकेनेही 2025 च्या निर्देशांत दोन पुराव्यांची अट कायम ठेवून एसएमएसखेरीज इतर मार्गांना वाव दिला आहे.

पडताळणी सोडून देणे हा यावरचा उपाय नव्हे. दार बंद करण्याची व्यवस्था जितक्या काळजीने केली जाते, तितक्याच काळजीने अडकलेल्या खऱ्या खातेदाराला आत घेण्याची वाट आखणे ही संस्थांची जबाबदारी आहे. वाचकांनीही खात्याचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव क्रमांक, आजच कागदावर उतरवून सुरक्षित ठेवावेत आणि जुना नंबर बंद करण्यापूर्वी बँक, आधार व ईमेल येथे नवा नंबर नोंदवावा, कारण बंद झालेला नंबर काही महिन्यांत दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो.