संशय घ्यावा, पण मोजून

मनुष्याच्या उद्योगामुळें पृथ्वी तापत आहे, हें शास्त्रज्ञांचें म्हणणें आतां शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोंचलें आहे. आणि तें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत संशय उभा राहतो. दुष्काळ व अतिवृष्टि आपल्या आजोबांनींहि पाहिली. मग आतां नवें तें काय? शिवाय धुराडीं दुसऱ्यांचीं आणि उपदेश मात्र शेतकऱ्याला, हें कां? हा संशय अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणें योग्य नाहीं. परंतु संशय दोन प्रकारचा असतो: एक बसल्या जागीं नाकारणारा व दुसरा मोजून पाहणारा. या दुसऱ्या संशयानें आपल्या भातखाचरांना न्याय कसा मिळवून दिला, ती हकीकत प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

खाचरांत पाणी तुंबून राहिलें म्हणजे मातींत हवा शिरत नाहीं. अशा स्थितींत सूक्ष्म जंतु कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून मिथेन नांवाचा वायु तयार करतात व तो बहुतांशीं भाताच्या ताटांतूनच वर निघून जातो. हा वायु उष्णता धरून ठेवतो. इ. स. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें असा अंदाज केला कीं, भारतांतील भातशेतींतून वर्षास सुमारें ३ कोटि ७८ लाख टन मिथेन बाहेर पडतो. हा आंकडा युरोप-अमेरिकेंतील शेतांच्या मोजणीवरून बसविलेला होता.

तेव्हां डॉ. ए. पी. मित्र यांच्या नेतृत्वाखालीं, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकारानें, १९९१ सालीं देशांतील निरनिराळ्या भातप्रदेशांत प्रत्यक्ष खाचरांवरच मोजणी करण्यांत आली. उत्तर आलें सुमारें ४० लाख टन. म्हणजे परक्या अंदाजाच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. कारण उघड आहे. आपलें पुष्कळसें भात पावसावर येतें, खाचर मधून मधून सुकतें, आणि जमिनींत सेंद्रिय अंशहि बेताचाच असतो. त्याच वर्षीं अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनीं पोटासाठीं निघणारा वायु व चैनीसाठीं निघणारा वायु एकाच तागडींत घालूं नये, असें जगापुढें मांडलें. पुढें २०२१ सालीं ग्लासगो येथें मिथेन घटविण्याची जी सामुदायिक प्रतिज्ञा झाली, तींत भारत सामील झाला नाहीं.

परंतु येथें एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. ज्यांनीं परक्या आंकड्याची चूक दाखविली, त्यांनीं पृथ्वी तापत नाहीं असें मुळींच म्हटलें नाहीं. ज्या मोजणीनें खाचरांवरील आळ हलका केला, तशाच मोजणीनें दुसरेंहि सत्य दाखविलें आहे. हवाई बेटावरील मौना लोआ येथें १९५८ सालीं हवेच्या दर दहा लक्ष भागांत कर्बवायूचे सुमारें ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. भारत सरकारच्या २०२० च्या अहवालाप्रमाणें १९०१ ते २०१८ या काळांत देशाचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंश सेल्सियसनें वाढलें. आणि मध्य भारतांत एका दिवसांत १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या अवधींत सुमारें ७५ टक्क्यांनीं वाढले. आपल्याला सोयीची तेवढी मोजणी खरी व गैरसोयीची ती खोटी, असें म्हणतां येणार नाहीं.

मग शेतकऱ्यानें काय करावें? संशयाचा रोख धोरणाकडे व कराराकडे असावा. खाचर आळीपाळीनें सुकविण्याची रीत घ्या. पाण्याची पातळी जमिनीखालीं १५ सेंटिमीटर जाईपर्यंत थांबून मग पुन्हां पाणी दिल्यास पाणी वांचतें व मिथेन पुष्कळ कमी होतो. पण ती कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर चालते. कोंकणांतील पावसावरच्या खाचरांत, जेथें पाणी धन्याच्या हातींच नाहीं, तेथें ती कशी चालावी? याकरितां कर्बाच्या मोबदल्याचा करार पुढें आल्यास सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: मोजणी कोणाच्या शेतावर झाली? मोबदल्यांतील किती वांटा प्रत्यक्ष शेतकऱ्यास मिळणार? पीक बुडाल्यास नुकसान कोणी सोसावयाचें?

आणि प्रत्येक गांवीं निदान एक पर्जन्यमापक असावा व त्याची वही रोज लिहिली जावी. नुसत्या आठवणीपुढें सरकार नमत नाहीं व पाऊसहि नमत नाहीं. लिहिलेला आंकडा मात्र आपल्या बाजूनें साक्ष देऊं शकतो.