दूरध्वनी सेवेचा विस्तार आणि लघुव्यावसायिक : एसटीडी-पीसीओ केंद्रांचा अनुभव

प्रास्ताविक : १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातील माहितीनुसार भारतात दर शंभर व्यक्तींमागे सुमारे ०.८ दूरध्वनी होते आणि प्रतीक्षायादी सुमारे २५ लाखांची होती. घरोघरी जोडणी देणे तत्काळ शक्य नसल्याने शहरी भागात १९९७ पर्यंत दर ५०० व्यक्तींमागे एक सार्वजनिक दूरध्वनी केंद्र, असे उद्दिष्ट या धोरणात ठेवण्यात आले.

कार्यपद्धती : जोडणी दूरसंचार विभाग देत असे, जागा, मीटर, कामाचे तास व वसुली ही केंद्रचालकाची जबाबदारी असे. मोबदला म्हणून त्यास कॉलच्या रकमेवर कमिशन मिळे. मीटरवर वेळ व शुल्क दिसत असल्याने व्यवहारात विश्वास निर्माण झाला. एकाच जोडणीचा लाभ संपूर्ण वस्तीस मिळू लागला. किराणा दुकान वा झेरॉक्स केंद्रास हा पूरक व्यवसाय ठरला. केंद्रवाटपात अपंगांना प्राधान्य असल्याने अनेकांना स्वयंरोजगार लाभला.

मर्यादा : केंद्रांचे उत्पन्न प्रामुख्याने लांब पल्ल्याच्या कॉलवर अवलंबून होते. पुढे हे दर घटले. मे २००३ पासून मोबाईलवर येणारे कॉल निःशुल्क झाले आणि ग्राहक केंद्रांपासून दुरावला.

निष्कर्ष : सेवाविस्ताराची जोखीम केंद्रचालकांनी उचलली; परंतु दर व तंत्रज्ञान त्यांच्या हाती नव्हते. म्हणूनच लघुव्यावसायिकांना सार्वजनिक सेवेत सहभागी करून घेताना त्यांच्या पर्यायी उपजीविकेचा विचार धोरणातच अंतर्भूत असणे आवश्यक ठरते.