छोट्या हातांचे ‘छोटे कान’

इटलीतल्या बारी शहराच्या जुन्या वस्तीत, आर्को बास्सो गल्लीत, बायका दारात टेबल मांडून ‘ओरेक्किएत्ते’ वळतात. अर्थ : छोटे कान. मुलांसोबत पास्ता करायचा तर सुरुवात इथूनच करावी. यात ना अंडं, ना यंत्र.

पीठ : ड्युरम गव्हाचा अगदी बारीक दळलेला रवा २०० ग्रॅम, कोमट पाणी साधारण १०० मिली. आपला बन्सी गहू ड्युरमच, त्यामुळे त्याचं बारीक दळण चालतं. गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट होतो आणि दहा मिनिटं मळावा लागतो. चिमुकले हात लवकर दमतात, तेव्हा शेवटचं मळणं मोठ्यांनी उरकावं. मग अर्धा तास झाकून ठेवावा.

आकार : बोटाएवढी वळी करून सेंटिमीटरभर तुकडे पाडा. बारीच्या बायका बोथट सुरीने तुकडा ओढून अंगठ्यावर उलटा करतात. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाती सुरी नकोच. त्याने तुकडा अंगठ्याने दाबून पुढे सरकवला, की तो आपसूक गुंडाळला जातो. हा झाला ‘कावातेल्ली’, दक्षिण इटलीतलाच दुसरा पास्ता. म्हणजे कान चुकला तरी पास्ता चुकत नाही! (घरात गव्हले वळणारी आजी असेल, तर शिकवायचं काम तिच्याकडेच सोपवा.)

जपा : कच्चं पीठ चाखू देऊ नका, त्यात जंतू असू शकतात.

शिजवणं : १०० ग्रॅमला लिटरभर उकळतं पाणी, १० ग्रॅम मीठ. हे काम मोठ्यांचं. जाडीनुसार तीन ते पाच मिनिटं लागतात. वेडेवाकडे तुकडे एकाच वेळी शिजत नाहीत, त्याला इलाज नाही.